सत्तरीच्या डोंगरात फुजीफिल्म एक्स-टी3 : पावसाळा ते काजूचा हंगाम, वापरानंतरचा अनुभव

डोंगरातल्या फोटोंसाठी कॅमेरा घ्यायचा म्हटलं की लोक आधी मेगापिक्सेल विचारतात, मग झूम. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या गावांतून वर्षभराच्या आसपास फिरल्यावर माझं मत पक्कं झालंय की इथे दोनच गोष्टी विचाराव्यात : पाऊस सोसतो का, आणि कमी उजेडात भागतं का. वाळपईला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाऊस थांबला तरी रानाची सावली असते, आणि रान संपलं की घराची पडवी, गोठा, धुरानं काळी झालेली चूल. इथल्या माणसांच्या दिवसातला बराच भाग अंधुक उजेडात जातो. तो टिपता आला नाही तर कॅमेऱ्यात धबधबे तेवढे जमा होतात.

माझा एक्स-टी3 वापरलेला घेतलेला आहे. 2018 चं मॉडेल, 26 मेगापिक्सेल, बॅटरी आणि कार्डासकट 539 ग्रॅम. सोबत दोन लेन्स : 23 मिमी एफ2 (180 ग्रॅम) आणि 50 मिमी एफ2 (200 ग्रॅम). सगळं मिळून एक किलोच्या आत. केरी गावापर्यंत कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसनं जाऊन पुढे पायी फिरायचं तर हे वजन महत्त्वाचं.

पावसाचं आधी सांगतो. बॉडी आणि दोन्ही लेन्स पावसाचे शिंतोडे सोसतील अशा बांधणीच्या आहेत. याचा अर्थ कॅमेरा पाण्यात बुडवता येतो असा नाही. जुलैत सुर्ल्याच्या पठारावर पाऊस आडवा येतो, धुकं अंगावरून जातं, आणि अशा वेळी लेन्सवर पुढे साधा फिल्टर, कॅमेरा शर्टाच्या आत आणि हाताशी सुती फडकं एवढ्यावर माझं व्यवस्थित भागलं. पावसात लेन्स मात्र बदलायची नाही. घरून निघताना जी लावली तीच दिवसभर. खरा आवडला तो वरच्या चकत्यांचा कारभार : शटर आणि आयएसओच्या (उजेडाच्या संवेदनशीलतेच्या) चकत्या बॉडीवर, अॅपर्चरची (लेन्सच्या छिद्राची) कडी लेन्सवर. बोटं ओली असली की स्क्रीन धड चालत नाही, मेनूत शिरायची तर सोयच नसते. इथे न बघताही बोटांनी सगळं फिरवता येतं.

धुक्याबद्दल एक लक्षात ठेवण्यासारखं. कॅमेऱ्याचं मीटर पांढरं धुकं पाहून फोटो काळा करतं, म्हणून एक्सपोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर न्यायचा. गोठ्यातल्या म्हशीसाठी नेमकं उलट, कमी करायचा. एक्सपोजरची चकती अंगठ्याखालीच येते, त्यामुळे हे हळूहळू हाताच्या सवयीचं होतं.

आता डोंगर. गोव्यातला सह्याद्री हिमालयासारखा अंगावर येत नाही. सगळ्यात उंच सोसोगडसुद्धा हजार मीटरच्या थोडा वर. रुंद लेन्सनं टिपला की तो क्षितिजावरची हिरवी रेघ होऊन बसतो, आणि निम्मा फोटो रिकाम्या आकाशाचा. वागेरी असो की चोर्ल्याच्या बाजूच्या रांगा, मला त्या 50 मिमीनं दिल्या. ही लेन्स रांगा जवळ आणते, एकीमागे एक अशा रचते, आणि मधल्या खोऱ्यांत अडकलेलं धुकं प्रत्येक रांग वेगळी काढून दाखवतं. सप्टेंबरअखेर पाऊस विरळ झाला की सकाळी सात ते साडेआठची वेळ यासाठी सर्वांत चांगली. डोंगरासाठी रुंद लेन्स हवी हा समज निदान सत्तरीत तरी खोटा आहे.

रुंद लेन्स हवी ती घरात. 23 मिमी मी माणसांसाठी ठेवली, आणि माझ्या मते हीच या सगळ्या संचाची खरी किंमत. गवळी-धनगरांच्या घरांचे वासे खाली उतरलेले असतात, वाकून आत जावं लागतं, आणि आत मागे सरकायला जागा नसते. 23 मिमीत चूल, चुलीपुढची बाई, मागची उतरंड आणि दारातून येणारा उजेड असं सगळं एकत्र मावतं. एफ2, सेकंदाच्या साठाव्या भागाचं शटर, आयएसओ 3200 : माझे चुलीजवळचे बहुतेक फोटो याच आकड्यांचे. फोटोत बारीक दाणे येतात, पण आठ बाय बारा इंचांच्या प्रिंटवर ते खुपत नाहीत.

प्रिंटवरून आठवलं. चवथीला (गणेशचतुर्थीला) एका घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, बांधणं चाललं होतं. कांगलां, माट्टी, घागऱ्या, कवंडळं, सगळं रानातून आणलेलं, आणि घरची मुलं स्टुलावर चढून एकेक बांधत होती. फोटो काढून झाल्यावर स्क्रीन दाखवायला गेलो तर आजी म्हणाली, "पुता, मोबाइलात नको दाखवू. कागदावर दे." तेव्हापासून प्रत्येक घरी पुढच्या खेपेला चार बाय सहाचे प्रिंट नेतो. कॅमेऱ्याच्या अनुभवात हे कशाला, असं कुणाला वाटेल. पण दाणे किती, रंग कसे, चेहरा किती स्पष्ट हे मी संगणकावर शंभर टक्के मोठं करून तपासत नाही. आजीच्या हातातल्या कागदावर तपासतो, आणि तिथे हा कॅमेरा पुरून उरतो.

सगळ्यात कठीण परीक्षा झाली ती बांबर गावातल्या निरंकाराच्या राईत, म्हणजे देवराईत. दलदलीत वाढणारी जायफळाच्या कुळातली झाडं, चिखलातून वर आलेली त्यांची गुडघ्यासारखी मुळं, आणि भर दुपारीही संध्याकाळसारखा उजेड. देवाची जागा आहे, चपला बाहेर, आवाज नाही. कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर पूर्ण निःशब्द आहे आणि ते इथे फार कामी आलं. पानांतून गाळून येणारा उजेड सगळ्यावर हिरवी छटा चढवतो, माणसाच्या चेहऱ्यावर तर ती आजारी दिसते. ऑटो व्हाइट बॅलन्सवर (रंगांचा तोल कॅमेऱ्यावर) न सोडता मी हातानं 5900 केल्व्हिनच्या आसपास ठेवून थोडा जांभळ्याकडे सरकवतो. शिमग्यात मात्र निःशब्द शटर बंद ठेवावं. मांडावर (गावच्या उत्सवाच्या जागी) आता एलईडी दिवे असतात, आणि त्यांच्या उजेडात इलेक्ट्रॉनिक शटरनं फोटोवर पट्टे येतात. घोडेमोडणी नाचाचे फोटो यांत्रिक शटरनंच काढले. वेग सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाच्या खाली नेला तर कमरेला बांधलेला लाकडी घोडा पुसट होतो.

रंगांबद्दल थोडकं. पावसाळी हिरव्याला कॅमेऱ्यातली व्हेल्व्हिया ही भडक रंगांची सेटिंग लावू नये, आधीच हिरवं असलेलं रान प्लास्टिकसारखं दिसतं. क्लासिक क्रोम ते शांत करतो आणि जांभ्या दगडाचा लाल जपतो. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत उन्हाचे कवडसे आणि काळी सावली यांचा मेळ बसत नाही, तिथे रॉ (कॅमेऱ्यानं न घडवलेली मूळ फाइल) काढून सावल्या नंतर उचलणं बरं. काजूच्या दारूच्या भाटीवर वाफ, धूर आणि ज्वाळा एकाच चौकटीत येतात. पहिल्या उकळीची हुर्राक थेंबथेंब पडते तिथे बसून काढलेले फोटो मला वर्षातले सर्वांत आवडते.

कमतरता. बॉडीत हलणं सावरणारी यंत्रणा नाही. अंधारात पन्नास मिमी हातात धरून पंचविसाव्या भागाचं शटर मला तरी जमत नाही, भिंतीला टेकावं लागतं. बॅटरी छोटी आहे, कंपनीचा आकडा एका चार्जला 390 फोटोंचा. वरच्या वाड्यांवर वीज कधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून दोन जास्तीच्या बॅटऱ्या लागतातच. त्यातली एक बाहेरची स्वस्त घेतली होती, ती पहिल्याच पावसाळ्यात फुगली. दोन लेन्सचे फिल्टरही वेगळे, एकीचे 43 मिमी आणि दुसरीचे 46. मी 46 चेच घेतले आणि 43 साठी जोडकडी लावली. वाहत्या पाण्यासाठीचा गडद फिल्टर मग एकच पुरतो.

बुरशीचं गांभीर्यानं घ्या. जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवली तर काचेवर जाळं धरणार. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र. काटा चाळीस ते पन्नासमध्ये ठेवायचा, जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर भाजून घ्यायचं.

कुणी घ्यावा? पावसाळ्यात एकदा घाटात गाडी थांबवून धबधबा टिपायचा असेल तर हातातला फोन पुरतो. तिथल्या घरांत, राईत, शेतात, भाटीवर वर्षभर जायचं असेल तर वापरलेला एक्स-टी3 आजही उत्तम आहे. पैसे एकदम नसतील तर आधी 23 मिमी घ्या, 50 मिमी दिवाळीनंतर घेतली तरी चालेल. म्हादई अभयारण्याच्या आत जायचं असेल तर वन खात्याची परवानगी आधी काढा, आणि प्रिंटसाठी महिन्याला थोडे पैसे बाजूला ठेवा.