फिरणारी ॲंटेना आणि माझे 65 हजार

मेटल डिटेक्टर घेऊन शेतात, नदीकाठी जुनी नाणी, बटणं, अंगठ्या शोधत फिरायचा छंद विलायतेत जुना आहे. ते व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरंही आता ‘कोणतं यंत्र घेऊ?’ म्हणून विचारतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कुणाच्या डोक्यात हे असेल, तर पैसे मोजण्याआधी एवढं वाचा.

मला जाहिरात दिसली ती ‘लाँग रेंज गोल्ड लोकेटर’ची. पाचशे मीटरवरचं, वीस फूट खोलचं सोनं दाखवणार म्हणे. थोडा ॲडव्हान्स ऑनलाइन, बाकी रोख, सगळे मिळून 65 हजार. दोघं जण यंत्र घेऊन अमळनेरजवळ आमच्या मळ्यातच आले. पिस्तुलासारखी मूठ, तिच्यात सैल बसवलेली ॲंटेना, कमरेला एक डबी, तिच्यावर लाल दिवे. एकाने वडिलांची अंगठी मागून घेतली, बांधाजवळ पुरली आणि मूठ धरून चालू लागला. ॲंटेना गर्रकन वळली. “आप्पा, आठेच शे!” म्हणजे इथेच आहे. वडिलांनी लगेच पैसे काढून दिले. नारळ हातावर उभा राहिला की बोअर घ्यायची, हे पाणाड्याच्या भरवशावर आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. त्यांना यात नवल ते काय वाटणार?

अंगठी कुठे आहे हे त्या माणसाला ठाऊक होतं, सगळी मेख तिथेच. सैल ॲंटेना मनगट केसभर कललं तरी वळते, आणि धरणाऱ्याला आपण हात हलवला हे कळतही नाही. पुढे मी सारख्या मडक्यांपैकी एकात अंगठी ठेवायला पुतण्याला सांगितलं, मी पाठ करून उभा. यंत्र दर वेळी भलत्याच मडक्याकडे गेलं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे खिशातला मोबाइल बंद ठेवा, जमिनीत ओल असेल, मनात शंका नको. शेवटी डबी उघडली. आत बॅटरी आणि दिवे. ॲंटेनाकडे जाणारी वायर कुठेच जोडलेली नव्हती.

ही जुनी जात आहे. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्रजाने असल्याच ॲंटेनाचं ‘एडीई 651’ इराकला बॉम्ब शोधायचं यंत्र म्हणून विकलं. मूळ माल गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं. 2013 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली.

खरा डिटेक्टर असा लांबून बोट दाखवत नाही. त्याची गोल कॉइल जमिनीलगत फिरवावी लागते. तिच्या चुंबकीय क्षेत्राने धातूत प्रवाह उठतो आणि तो यंत्राला कळतो. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंत लागते, फार तर थोडी जास्त. शिवाय आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यात लोहखनिज असतं, म्हणून साधं यंत्र उगाच ओरडतं. मातीतल्या लोहाचा परिणाम वगळणारी ‘ग्राउंड बॅलन्स’ची सोय नसलेलं यंत्र खानदेशात घेऊच नका. आणि निघणार काय? बैलाच्या पत्र्या, खिळे, फाळाचे तुकडे.

आमच्याकडे ते दोघं पुन्हा आले, तेव्हा यंत्राने पिंपळाखाली गुप्तधन ‘दाखवलं’. म्हणे धनावर भुताची राखण आहे, पूजेला 51 हजार लागतील. कुणाला बोलू नका, कलेक्टर सगळं घेऊन जाईल. या धंद्याचा पाया हाच आहे, लपूनछपून सोनं काढायला निघालेला माणूस पोलिसात जात नाही. पावतीवरही त्यांनी ‘पाणी शोधण्याचे यंत्र’ लिहिलं होतं.

1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावंच लागतं. थाळनेरच्या कबरींसारख्या संरक्षित जागी विनापरवाना खणायचं तर नावच काढू नका. पण खोटं यंत्र विकत घेतलेल्या माणसाने तक्रार करायला यातलं काहीच आडवं येत नाही. ॲडव्हान्स ऑनलाइन गेला असेल तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर केला की खातं रिकामं होतं. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याचा पुरावा, पावती जपून ठेवा आणि यंत्र रागाने फोडू नका, तोच पुरावा आहे. पूजेच्या नावाने पैसे मागितले असतील तर तेही तक्रारीत लिहा.

आमचा अर्ज पोलीस ठाण्यात दिलाय. डबी आणि ॲंटेना त्यांच्याकडेच जमा आहे.