म्युनिक की आइंडहोवन? ओटा नसलेलं घर आणि फरशी नसलेलं घर

पुण्यात मोटार किंवा चिपच्या क्षेत्रात आठ-दहा वर्षं काढलेल्या इंजिनिअरने युरोपात जायचं ठरवलं की पुष्कळदा ही दोन गावं समोर येतात. मोटारीची बाजू असेल तर जर्मनीतलं म्युनिक. चिपची असेल तर नेदरलँड्समधलं आइंडहोवन, खरं तर त्याला लागून असलेलं वेल्डहोवन, जिथे चिप बनवण्याची यंत्रं करणाऱ्या एएसएमएलचं मुख्यालय आहे. दोन्ही ऑफर हातात असतील तर पगार, कर आणि व्हिसाचा तक्ता तुम्ही एव्हाना मांडलाच असेल, म्हणून तो इथे पुन्हा मांडत नाही. त्या तक्त्यात न येणारी एक गोष्ट मात्र आहे: भाड्याचं घर कुठल्या अवस्थेत ताब्यात मिळतं. नवरा-बायको आणि चार ते आठ वर्षांचं मूल असं कुटुंब असेल, तर पहिले तीन महिने कसे जाणार हे बरंचसं त्यावर ठरतं. माझा निर्णयही शेवटी तिथेच झाला.

म्युनिकमध्ये भाड्याचं घर बऱ्याचदा ओट्याशिवाय मिळतं. फक्त फ्रिज नाही असं नव्हे. सिंक, शेगडी, कपाटं यांपैकी काहीच नसतं. स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या रिकाम्या खोलीत एका भिंतीतून गार-गरम पाण्याच्या दोन तोट्या बाहेर आलेल्या असतात. त्यांच्याजवळ प्लास्टिकचं झाकण लावलेलं सांडपाण्याच्या पाइपचं तोंड असतं आणि खाली जमिनीपासून वीतभर उंचीवर शेगडीच्या जोडणीचा चौकोनी डबा. जाहिरातीत ‘ईबीके’ ही अक्षरं असली तर बसवलेलं स्वयंपाकघर आहे. ती नसतील तर फोटोत दिसणारा ओटा आधीच्या भाडेकरूचा आहे आणि तो त्याच्याबरोबर जाणार, असंच धरून चाला.

त्या चौकोनी डब्यात तीन फेजची, ४०० व्होल्टची लाइन असते. तिला प्लग नसतो, पाच तारांची केबल आत आवळायची असते. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि पावती जपून ठेवा. पुढे काही जळलं तर विमा कंपनी पहिल्यांदा तीच मागते. पाण्याच्या तोट्यांचं दुखणं वेगळं. म्युनिकचं पाणी जड आहे. वर्षानुवर्षं न फिरवलेली तोटी आतून क्षाराने धरते आणि जोर लावून फिरवली की दांड्याशी पाझरू लागते. म्हणून सिंक जोडण्याआधी घराचा मुख्य कॉक कुठे आहे ते इमारतीची देखभाल करणाऱ्या ‘हाउसमाइस्टर’कडून बघून घ्यावं आणि तोटीची शंका असेल तर त्याच्याकडूनच बदलून घ्यावी.

जुन्या इमारतींत काही ठिकाणी स्वयंपाकघरात गरम पाण्याची लाइनच नसते. मग सिंकखाली ५ लिटरचा छोटा गीझर बसवतात. बहुतेकदा तो बिनदाबाचा असतो आणि त्याला तीन नळ्यांचा, कमी दाबाचा नळच लागतो. पाणी तापताना फुगतं आणि जादा पाणी नळाच्या तोंडातून थेंब थेंब बाहेर पडतं. ती गळती नाही, ते तसंच चालायला हवं. दुकानात स्वस्त दिसला म्हणून दोन नळ्यांचा साधा नळ आणून लावला तर पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि टाकी फुटते. ओटा स्वतः बसवणाऱ्यांची ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक.

नवा ओटा करून घ्यायचा तर मापं, ऑर्डर आणि बसवणं धरून सहा ते दहा आठवडे सहज जातात. तयार कपाटं आणून जोडली तर लवकर होतं, पण जुन्या भिंती काटकोनात नसतात आणि ठरावीक मापांची कपाटं शेवटच्या कोपऱ्यात अडतात. तोवर प्लगवर चालणारी दोन चुलींची इंडक्शन शेगडी वापरायची आणि भांडी न्हाणीघरातल्या बेसिनमध्ये घासायची. १६ अँपिअरच्या त्या सर्किटवर दोन्ही चुली पूर्ण चालू असताना किटली लावली की ट्रिप होतो, हेही लक्षात असू द्या. दोन आठवडे माणूस हे निभावतो. सकाळी शाळेचा डबा करायचा असेल तर दोन महिने हे फार जड जातं.

दुसरा मार्ग म्हणजे आधीच्या भाडेकरूचा ओटा विकत घेणं; या रकमेला ‘आबल्योझ’ म्हणतात. चांगला ओटा रास्त किमतीत मिळाला तर हा सर्वांत सोपा रस्ता, याबद्दल दुमत नाही. वस्तूच्या मोलाच्या मानाने अवाच्या सवा रक्कम मागणं कायद्याला मान्य नाही. मोलापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त असेल तर न्यायालयं तो जादा भाग सहसा धरत नाहीत. पण घरासाठी रांग लागलेली असताना घासाघीस कोण करणार? तरी दोन गोष्टी सोडू नका. खरेदीच्या कागदावर प्रत्येक उपकरणाचं मॉडेल लिहून घ्या आणि ‘भाडेकरार झाला तरच ही खरेदी लागू’ असं एक वाक्य घाला. शिवाय घर सोडताना तोच ओटा तुम्हाला काढून न्यावा लागू शकतो. पुढचा भाडेकरू तो घेईल की नाही, हे तुमच्या हातात नसतं. म्हणजे ओट्याचे पैसे घरात अडकतात आणि त्या पैशांपायी माणूस घरात अडकतो. मला म्युनिकची खटकलेली गोष्ट ती हीच.

आता आइंडहोवन. तिथली उणीव वेगळी: फरशी नसते. डच जाहिरातीत तीन शब्द येतात. ‘खेमेबिलेर्ट’ म्हणजे फर्निचरसकट, ‘खेस्टोफेर्ट’ म्हणजे जमिनीचं आच्छादन आणि पडदे असलेलं आणि ‘काल’ म्हणजे शब्दशः टकलं. ‘काल’ घरात पायाखाली नुसता सिमेंटचा कोबा, खिडक्या उघड्या आणि छतातून दिव्याच्या तारा लोंबलेल्या. इथे एक गोंधळ टाळा. ‘काले ह्यूर’ हा शब्द किमतीशेजारी दिसला तर त्याचा अर्थ सेवाशुल्क सोडून मूळ भाडं एवढाच. घर उघडं आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

पण ‘काल’ घरातही ओटा असतो. साधा असेल, कपाटं जुनाट असतील, शेगडी कधी स्वतःची आणावी लागेल, पण सिंक जागेवर आणि पाणी चालू. पहिल्या संध्याकाळी वरणभात होतो. फरशीचं काम त्यानंतर निवांत करता येतं आणि ते दोन माणसांना दोन शनिवार-रविवारांत उरकण्यासारखं आहे. लॅमिनेटच्या फळ्या खोलीच्या मापापेक्षा ५ ते १० टक्के जास्त घ्या. पेट्या न उघडता ४८ तास त्याच खोलीत आडव्या ठेवा, म्हणजे लाकूड तिथल्या हवेला सरावतं. कोबा झाडून त्यावर ओल रोखणारा प्लास्टिकचा कागद, मग खालचा थर, मग फळ्या. भिंतीच्या कडेने ८ ते १० मिलिमीटर फट सोडायची आणि ती पट्टीने झाकायची. ही फट राहिली नाही तर दमट दिवसांत फळ्या फुगून खोलीच्या मध्यावर उचलल्या जातात.

फ्लॅट असेल तर खालचा थर कुठला घेता हे फार महत्त्वाचं. बहुतेक इमारतींच्या नियमांत पावलांचा आवाज किमान १० डेसिबलने कमी करणारा थर लागतो. स्वस्तातला पातळ फोम घातला आणि खालच्यांनी तक्रार केली, तर सगळं उचकटून पुन्हा करावं लागतं. थराच्या पाकिटावरचा दाखला फोटो काढून ठेवा. आणि काम सुरू करण्याआधी दाराखालची फट मोजा. थर आणि फळी मिळून जमीन दीड-दोन सेंटिमीटर वर येते आणि दार घासायला लागतं. घर सोडताना हेही काढावं लागतं, नवा भाडेकरू लेखी ‘ओव्हरनामे’, म्हणजे ते आहे तसं ताब्यात घेण्याचा करार, करून घेत नसेल तर. पण फळ्या खाचेत बसवलेल्या असल्या, चिकटवलेल्या नसल्या, तर त्या एका दिवसात उचलता येतात आणि नुकसान झालंच तरी ते ओट्याच्या मानाने अगदी थोडं.

स्वयंपाकाच्या बाजूनेही माझा कल जरा आइंडहोवनकडे झुकतो. तिथल्या जुन्या रांगेतल्या घरांत अजून पाइपचा गॅस पुष्कळ दिसतो. १ जुलै २०१८ नंतर परवानगी मागितलेल्या नव्या बांधकामांना सहसा गॅसची जोडणी नाही, त्यामुळे घर किती जुनं आहे ते विचारा. ज्वाळेवर भाकरी फुगवणाऱ्यांना हा फरक सांगायला नको. म्युनिकच्या फ्लॅटमध्ये काचेची विजेची शेगडी किंवा इंडक्शन धरूनच चला. ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई इंडक्शनवर चालत नाहीत. निघण्याआधी प्रत्येक भांड्याच्या बुडाला चुंबक लावून बघा, चिकटला तरच ते बॅगेत. चिमणीही दोन्हीकडे तपासा. बऱ्याच फ्लॅटांत ती धूर बाहेर टाकत नाही, कोळशाच्या फिल्टरमधून हवा खोलीतच परत सोडते. रोज फोडणी होणाऱ्या घरात तो फिल्टर दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो.

म्युनिक सरस आहे तिथे ते मान्य करायलाच हवं. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या युरोपीय कामाच्या परवान्यावर, बी-१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मागता येतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात ती परीक्षा देऊन आलेल्याला हे मोठं बळ आहे. नेदरलँड्समध्ये त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागतं. जर्मनीच्या सरकारी आरोग्य विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. डच पद्धतीत १८ वर्षांखालची मुलं फुकट, पण प्रत्येक प्रौढाचा हप्ता वेगळा. आणि आल्प्स हाकेच्या अंतरावर. ज्याला डोंगराची ओढ आहे त्याला आइंडहोवनचा सपाट मुलूख कधीच पुरणार नाही.

उलट बाजूला दोन गोष्टी. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या वर्षीच मुलाची वाट ठरते: जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. तिथे १ हा सर्वांत चांगला गुण. आठव्या वर्षी भाषा शून्यातून सुरू करणाऱ्या मुलासाठी ही मुदत फार तोकडी आहे. डच शाळांत हा टप्पा साधारण बाराव्या वर्षी येतो. दुसरं, भारतीय वाहन परवाना जर्मनीत सहा महिनेच चालतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. नेदरलँड्समध्ये परदेशातून आलेल्या कुशल कर्मचाऱ्यांसाठीची ‘३० टक्के’ करसवलत मंजूर झालेल्याला तो परीक्षेशिवाय बदलून मिळतो.

तुमचं मूल अजून तीन वर्षांचं असेल, जर्मन येत असेल आणि कंपनी सहा महिन्यांसाठी फर्निचरसकट घर देत असेल, तर म्युनिकला नाही म्हणायला माझ्याकडे फारसं कारण नाही. ते नसेल तर ऑफरला होकार कळवण्याआधी कंपनीच्या माणसाला एकच प्रश्न लेखी विचारा: तुम्ही मिळवून देणाऱ्या घरात ओटा करारात लिहिलेला असेल का? ‘वापरायला मोफत ठेवला आहे’ असं उत्तर आलं तर पुढे विचारा, फ्रिज किंवा ओव्हन बिघडला तर दुरुस्ती कोणाकडे. या शब्दांमागे बहुतेकदा ती तुमच्याकडेच ठेवलेली असते.