आठ महिने ऑनलाइन वंशावळ शोधली, त्याचा अनुभव (बडोदे)

मागच्या पितृपक्षात बाबा तर्पणाला बसले होते. माता, पितामही, प्रपितामही अशी नावं गुरुजींनी विचारली आणि बाबांनी जुन्या वहीतून वाचून सांगितली. दुपारी जेवताना मी सहज विचारलं की पणजी माहेरची कोण, तर घरात कुणालाच सांगता येईना. वहीत नुसतं लक्ष्मी. ते तर सासरी ठेवलेलं नाव, आमच्या घरात तीन पिढ्यांत तीन लक्ष्म्या आहेत. ते मला फार लागलं मनाला आणि त्याच रात्री फॅमिलीसर्चवर अकाउंट उघडलं.

फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइट पूर्ण फुकट आहे, अमेरिकेतल्या युटाच्या मॉर्मन चर्चची संस्था चालवते. पहिले पंधरा दिवस मी फक्त सर्च मारत बसलो, आणि भारत टाकलं की येतं काय तर बाप्तिस्मा, चर्चमधली लग्नं, दफनाच्या नोंदी. इंग्रज शिपाई, रेल्वेतले साहेब, त्यांची बायकामुलं. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. नंतर कारण कळलं, चर्चची रजिस्टरं नीट राहिली म्हणून ती आधी ऑनलाइन आली. ब्रिटनची 1921 ची आणि अमेरिकेची 1950 ची जनगणना माणसांच्या नावांसकट 2022 मध्ये खुली झाली, आपल्याकडे जनगणनेतली अशी घरोघरची नावं बघायला मिळत नाहीत, नुसते आकडे मिळतात. आणि जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा आला 1969 मध्ये. यात्रेला आलेल्यांची घराणी लिहून ठेवणाऱ्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे फोटो आहेत तिथे, पण आमचे लोक जायचे नाशिक-त्र्यंबकेश्वरला, त्यामुळे त्याचा मला उपयोग झाला नाही.

म्हणजे सर्चसाठी म्हणाल तर आपल्या लोकांना फारसं काही मिळत नाही हे आधीच सांगतो. पण झाड मांडायला ही साइट मला मनापासून आवडली. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या पद्धतीमुळे एका नावात दोन पिढ्या मिळतात, हे केवढं मोठं काम पूर्वजांनी करून ठेवलंय ते झाड भरताना कळतं. अडचणही त्यातच आहे, आजोबांचं नाव नातवाला, त्यामुळे विष्णू दामोदर, मग दामोदर विष्णू, मग परत विष्णू दामोदर. तारीख टाकल्याशिवाय कोण कुठला ते कळतच नाही. मी आता प्रत्येकाला अंदाजे का होईना जन्मसाल टाकतोच. जुन्या कागदावर शके असेल तर 78 मिळवायचे (जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर 79), बडोद्याचे गुजराती कागद असतील तर संवत असतो, त्यात वेगळा हिशोब.

दुसरी गोष्ट दत्तक. आमचे पणजोबा दत्तक गेलेले. बडोद्यात दत्तक म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही, कवळाण्याचा गोपाळराव 27 मे 1875 ला दत्तक येऊन सयाजीराव झाला ते इथलं पोरगंही सांगेल. फॅमिलीसर्चमध्ये एका माणसाला जन्मदाते आणि दत्तक घेणारे असे दोन्ही आईवडील जोडता येतात. मी दोन्ही जोडले आणि पुढे त्याचाच उपयोग झाला, सांगतो.

मध्येच मी एका पैसेवाल्या साइटचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. रोज मेल, तुमच्या पूर्वजांचा मॅच सापडला म्हणून. उघडून बघावं तर आडनाव तेच पण माणूस भलत्याच जिल्ह्यातला, काही वेळा जातही वेगळी, आपली कुलकर्णी-देशमुख-पाटील ही आडनावं हुद्द्यावरून आलेली, नुसत्या आडनावावर नातं जुळत नसतं हे त्या मशीनला कळत नाही. रोमन स्पेलिंग एका अक्षराने बदललं की तोच माणूस दुसरा होतो. मोफत महिना संपताना आठवण आली नाही आणि पैसे कापले गेले, परत मिळाले नाहीत. पैसे भरायच्या आधी महिनाभर फुकट साइट नीट वापरा, एवढंच सांगीन.

आता पणजीचं. माझ्या ताईआत्या, म्हणजे बाबांच्या चुलत बहीण, इंदूरला असतात, वय 88. त्यांना व्हिडिओ कॉलवर झाड दाखवलं. पणजीच्या चौकटीत माहेर रिकामं दिसलं आणि त्या एकदम म्हणाल्या, अरे, आप्पांचे ते मुरूडचे मामा यायचे ना आंबे घेऊन! आप्पा म्हणजे पणजीचा मुलगा. नुसतं विचारलं असतं तर आठवलं नसतं त्यांना, रिकामी चौकट बघून आठवलं. मी ते त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून साइटवर पणजीच्या नावाला जोडलं, ऑडिओ ठेवायची सोय आहे तिथे.

मुरूडं दोन, एक जंजिऱ्याचं, एक दापोलीजवळचं. मग इंटरनेट आर्काइव्हवर कुलवृत्तांत शोधायला लागलो. हे आपलं खरं धन आहे आणि आपल्यालाच माहीत नाही. मागच्या शतकात घराण्याघराण्यांनी पत्रं पाठवून, गावोगाव फिरून माहिती गोळा केली आणि पुस्तकं छापली, त्यात मुलीसुद्धा आहेत, माहेरचं नाव, सासरचं नाव, नवरा, गाव. स्कॅनमधला मराठी मजकूर सर्चला नीट सापडत नाही, पानं उलटावीच लागतात. दोन महिने रोज रात्री, चाळीस-पन्नास पानं. मोबाइलवर डोळे जातात, लॅपटॉप घ्या. आधी शेवटची गावांची सूची बघायची, मग त्या गावची शाखा.

तिसऱ्या पुस्तकात दापोलीजवळच्या मुरूडची शाखा, एका भावाच्या खाली बारीक अक्षरात बहीण: यमुना, सासरचं नाव लक्ष्मी, पुढे पणजोबांचं नाव, बडोदे. आणि पणजोबांच्या नावापुढे वडील म्हणून दत्तक वडिलांचं नाव! झाडात ते जोडलेलं नसतं तर मी ती ओळ सोडून पुढे गेलो असतो. रात्री साडेबाराला बाबांना उठवलं. ते चष्मा लावून खूप वेळ स्क्रीनकडे बघत बसले, मग म्हणाले, यमुना होय.

आजीच्या पिढीचं तसं सोपं गेलं, तिचा शाळेचा दाखला ट्रंकेत होता माहेरच्या नावाचा. सयाजीरावांनी 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही, त्यामुळे बडोद्यात वाढलेल्या आज्यांचे दाखले सापडू शकतात, घरात नक्की बघा. ट्रंकेतल्या मोडी कागदांचे फोटो काढून ठेवलेत, अजून वाचून घ्यायचेत.

एक काळजी घ्या. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव उघड्या झाडात टाकू नका, बँका तेच विचारतात. फॅमिलीसर्चवर हयात माणूस म्हणून टाकलं तर ते इतरांना दिसत नाही, पण प्रत्येक साइटवर सेटिंग स्वतः तपासा.

फॅमिलीसर्चला माझ्याकडून 5 पैकी 4, त्या पैसेवाल्या साइटला 1, कुलवृत्तांतांना किती द्यावे तेवढे कमीच. यंदा बाबांनी तर्पणाच्या वहीत लक्ष्मीच्या पुढे पेन्सिलीने यमुना लिहिलं. त्याच्या वरच्या ओळीत खापरपणजी आहे, नाव लक्ष्मीच, तिच्यापुढची जागा अजून रिकामी आहे, चौथं पुस्तक कालपासून उघडलंय.