गालिचा हाताच्या गाठींचा की यंत्रावरचा?

सोलापूरकराला चादरीचा ताणाबाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, समजावून सांगावा लागत नाही. मात्र नवी पेठेत गालिचा घेताना आपण तीच नजर विसरतो आणि वरच्या रंगांवर भुलतो. गालिचा आधी उलटा करून पाहावा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्यात समोरची नक्षी मागेही जवळजवळ तितकीच स्पष्ट उमटते, आणि बारकाईने पाहिले तर गाठींची एखादी ओळ जरा दाटलेली, एखादी किंचित वाकलेली आढळते. यंत्रावरच्या गालिच्यात सगळ्या ओळी आखल्यासारख्या सारख्या असतात. मागे कापड चिकटवलेले असेल, तर तो बहुधा टफ्टेड गालिचा समजावा, म्हणजे कापडात धागे टोचून मागून लॅटेक्सने पक्के केलेला. तोही ‘हातचा’ म्हणून विकला जातो, आणि माझ्या मते खरी फसगत इथेच होते.

दुसरी खूण झालरीची. गाठींच्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचीच मोकळी टोके असतात. यंत्रावरच्या गालिच्याला ती बहुतेकदा नंतर शिवतात. लव बोटांनी फाकवून मुळाशी पाहिले, तर खऱ्या गालिच्यात धागा ताण्याच्या सुतांभोवती वळलेला दिसतो, मग गाठ तुर्की असो वा इराणी.

सुटलेला धागा जाळल्यास लोकरीला केस जळल्याचा वास येतो, तर पॉलिप्रॉपिलीन हा कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. परंतु यंत्रावरही लोकर विणतात, म्हणून ही परीक्षा धाग्याची आहे, विणीची नव्हे. मुलाबाळांच्या खोलीत यंत्रावरचा गालिचा खुशाल घ्यावा, फक्त यंत्राच्याच भावाने.