वर्षभर पैसे भरून ‘गॅरेज’ शोधलं, सापडली गिटार

परवा फोनवर मेसेज आला की नवं संगीत शोधून देणाऱ्या एका ॲपने पुढच्या वर्षाची वर्गणी कापून घेतली आहे. विचारलं नाही, आठवण करून दिली नाही, परस्पर कापली. म्हणून वर्षभर साठलेलं आता लिहूनच टाकते. ॲपचं नाव लिहीत नाही, पण ज्यांनी घेतलंय ते ओळखतील. दर शुक्रवारी नव्या रिलीजची कार्डं येतात, तीस सेकंदांचा तुकडा ऐकायचा, आवडला तर उजवीकडे सरकवायचा, नाही तर डावीकडे. बाकीचं तुम्हाला माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही.

मी संगीताचे तीन प्रकार निवडले होते: अंडरग्राउंड हिपहॉप, डबस्टेप (जड बेसचं इलेक्ट्रॉनिक संगीत), गॅरेज. पहिल्या शुक्रवारी गॅरेजमध्ये बारा कार्डं आली आणि त्यातली नऊ गिटारवाल्या बँडची निघाली. मला वाटलं, पहिला दिवस आहे, सुधारेल. पुढच्या शुक्रवारीही तेच. ॲपच्या लेखी गॅरेज म्हणजे गॅरेज रॉक. मी मागत होते लंडनचं गॅरेज, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि मिळत होती चार पोरं, एक फुटका अँप्लिफायर आणि घसा फोडून म्हटलेलं गाणं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

चिडचिडीत वाचत बसले तेव्हा कळलं की दोन्ही नावं गाड्या ठेवायच्या जागेवरूनच आलेली आहेत. साठच्या दशकातली अमेरिकन पोरं घराच्या गॅरेजात बँडची तालीम करायची, ते झालं गॅरेज रॉक. दुसरीकडे न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवर एका जुन्या पार्किंगच्या इमारतीत १९७७ ते १९८७ ‘पॅराडाइज गॅरेज’ नावाचा क्लब चालला. तिथे लॅरी लेव्हन रेकॉर्ड लावायचा, आणि त्या धाटणीच्या गाणाऱ्या, भरघोस हाउस संगीताला, म्हणजे क्लबातल्या नाचाच्या संगीताला, गॅरेज म्हणायला लागले. नव्वदच्या दशकात लंडनच्या डीजेंनी त्याच अमेरिकन रेकॉर्ड वेग वाढवून वाजवल्या, बेस फुगवला, वर माइकवर बोलत रंग भरणारा एमसी आणून बसवला. पुढे चारही ठोक्यांवर पडणारा किक ड्रम मोडून मधले ठोके गाळले, त्याचं टू-स्टेप झालं. म्हणजे एका शब्दाची दोन घराणी, आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. हे मला एका दुपारी कळलं. पैसे घेणाऱ्या ॲपला वर्षात कळलं नाही.

तक्रार केली. उत्तर आलं, ‘तुमची आवड आम्ही अजून समजून घेत आहोत, ऐकत राहा.’ ऐकत राहिले. दोन महिने गिटार डावीकडे सरकवून अंगठा दुखला. दुसऱ्यांदा लिहिलं, या वेळी स्क्रीनशॉट जोडले, त्यावर लाल वर्तुळं काढली. तेच उत्तर आलं, फक्त खालचं नाव बदललेलं. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवला तेव्हा एक कामाची ओळ हाती लागली: प्रकाराचे टॅग आम्ही लावत नाही, वितरकाकडून जसे येतात तसे दाखवतो.

हे मात्र खरं असावं. घरी बसून ट्रॅक करणारा माणूस तो डिजिटल वितरकाकडे देतो तेव्हा एक फॉर्म भरतो, आणि त्यात प्रकार निवडायला ठरावीक यादी असते. यादीत ‘डान्स’ असतं, ‘इलेक्ट्रॉनिक’ असतं. मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास चालणारं, तुटक तालाचं, वर स्त्रीच्या आवाजाचे कापलेले तुकडे लावलेलं संगीत यातल्या कुठल्या खणात बसवायचं, हे तो दमून ठरवतो आणि ‘इलेक्ट्रॉनिक’ दाबून मोकळा होतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एवढ्यापुरती मी ॲपला सूट दिली. पण मग वर्गणी कशाची घेतात? फॉर्म जसाच्या तसा दाखवायचे पैसे?

डबस्टेपची तऱ्हा वेगळी. तिथे गिटार नव्हती, पण जे होतं ते स्टेडियममध्ये करवत चालवल्यासारखं. मला हवं होतं ते खोल, रिकामं, अर्ध्या वेगाने चालल्यासारखं वाटणारं, क्रॉयडनच्या वळणाचं. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या सरे स्ट्रीटवर ‘बिग ॲपल’ नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. काउंटरमागे डीजे हॅचा, आणि दुकानात घुटमळणारी स्क्रीम आणि बेंगासारखी शाळकरी पोरं. ती घरी ट्रॅक करून आणायची, हॅचा ते वाजवायचा. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘फॉरवर्ड’ या क्लबातल्या नाइटला आणि ‘रिन्स एफएम’ या चोरट्या रेडिओवर हे संगीत वाढलं. रिन्स १९९४ पासून विनापरवाना चालू होतं, परवाना मिळाला २०१० मध्ये.

हा इतिहास सांगतेय तो ॲपची गोम त्यात आहे म्हणून. या लोकांत ट्रॅकचा जन्म रिलीजच्या दिवशी होत नाही. नवा ट्रॅक झाला की त्याची डबप्लेट कापून घ्यायची. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर, त्यावर एकच प्रत. काही डझन वेळा वाजवली की झिजते, वरचा आवाज मळकट होतो. ती प्रत ठरावीक डीजेंकडेच. लोक तो ट्रॅक महिनोन्‌महिने फक्त रात्रीच्या सेटमध्ये, म्हणजे डीजे सलग वाजवतो त्यात, ऐकायचे, नाव विचारत फिरायचे. काही दोन वर्षांनी विकायला आले, काही कधीच आले नाहीत. आता चकतीऐवजी फाइल पाठवतात, पण रिवाज तोच आहे. म्हणजे ॲप ज्याला ‘आजचं नवं’ म्हणून दाखवतं, ते सेट ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने जुनं झालेलं असतं.

आणि ‘तुम्हाला आवडेल’ हा विभाग तर आणखी उफराटा. अमुक ऐकणाऱ्यांनी तमुकही ऐकलं, या हिशेबावर तो चालतो. चाळीस जणांनी ऐकलेला ट्रॅक त्या हिशेबात येतच नाही. ज्याला आधीच गर्दी आहे त्याच्याकडेच आणखी गर्दी पाठवायची, आणि वर नाव द्यायचं अंडरग्राउंड.

इथे स्वतःची एक चूक कबूल करते, नाहीतर एकतर्फी होईल. पहिले तीन महिने मी कार्डं फोनच्या स्पीकरवर ऐकत होते. एका छोट्या डबस्टेप लेबलचे, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचे, सगळे रिलीज मी डावीकडे सरकवले, आणि मैत्रिणीला सांगितलं की यांच्याकडे काही घडतच नाही, नुसती टिकटिक. मग एकदा वायरचे जुने हेडफोन लावले, तर तोच ट्रॅक पोटात वाजला! सगळी गोष्ट ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात चालली होती आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नव्हता. मी तीन महिने गाण्याचं झाकण ऐकत होते. त्या लेबलची मनातल्या मनात माफी मागितली आणि मागचे सगळे रिलीज पुन्हा काढून ऐकले. ही चूक ॲपची नाही. तरी तीस सेकंदांचा तुकडा नेहमी सुरुवातीचाच का देतात, हा प्रश्न राहतोच. डबस्टेपमध्ये बेस यायलाच मिनिटभर लागतं.

हिपहॉपच्या बाबतीत ॲप बरं निघालं, असं मी सहाव्या महिन्यापर्यंत सगळ्यांना सांगत होते. कार्डं खरंच वेगळी यायची: ड्रम जवळजवळ नसलेले बीट, धुळकट सॅम्पल (जुन्या रेकॉर्डमधून उचललेले तुकडे), कुजबुजत केलेलं रॅप. मग ‘का’ या रॅपरचं काम हाती लागलं. ब्रुकलिनचा हा माणूस न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात कॅप्टन होता आणि नोकरी सांभाळून अल्बम काढायचा. ‘फॅट बीट्स’ हे न्यूयॉर्कचं गाजलेलं दुकान २०१० मध्ये बंद झालं, तर त्या बंद दुकानाच्या बाहेर फुटपाथवर उभा राहून स्वतःच्या रेकॉर्ड स्वतः विकायचा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. असं फुटपाथवर विकणारा माणूस कार्डांत कसा सापडणार? तेव्हा लक्षात आलं की मी ज्याला सगळं समजत होते, तो स्ट्रीमिंगवर असलेल्यांचा कोपरा होता. सॅम्पलची परवानगी काढणं महाग आणि किचकट, म्हणून कितीतरी रॅप स्ट्रीमिंगला लागतच नाही. डे ला सोलसारख्या नावाजलेल्या गटाचा १९८९ चा पहिला अल्बम तिथे यायला मार्च २०२३ उजाडला. लहान माणसाची काय कथा. तर हिपहॉपचे गुणही मी आता कमी केलेत.

मग मी शोधते कसं, ते सांगते. यातलं बहुतेक फुकट आहे, आणि मला हे नमूद करताना आनंद होतोय.

बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर टॅग कलाकार स्वतःच्या हाताने लिहितो. तिथेही ‘गॅरेज’ शोधलंत तर गिटारच येईल, त्या फंदात पडू नका. ‘यूके गॅरेज’, ‘यूकेजी’, ‘टू-स्टेप’, ‘स्पीड गॅरेज’ असं वेगवेगळं शोधा. डबस्टेपसाठी ‘डबस्टेप’ न लिहिता नुसतं ‘१४०’ लिहा, इंग्रजी आकड्यांत. मिनिटाला एवढे ठोके हा त्या संगीताचा वेग, आणि करवतवाल्यांपासून वेगळं दिसायला खोल डबस्टेपवाले तोच आकडा टॅग म्हणून लावतात. एका आकड्याने माझं जेवढं काम केलं तेवढं ॲपने वर्षभरात केलं नाही. हिपहॉपला ‘ड्रमलेस’ लिहून पाहा.

दुसरं, अल्बमच्या पानावर विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. त्यातल्या एखाद्याच्या संग्रहात जाऊन बघा. ज्याच्याकडे तुमच्या आवडीच्या चार-पाच गोष्टी आहेत त्याला फॉलो करा, त्याने नवीन काही घेतलं की कळतं. मी अशा अकरा अनोळखी लोकांच्या मागे आहे. एकाची आवड माझ्याशी इतकी जुळते की त्याने दोन आठवडे काही घेतलं नाही तर मला काळजी वाटते. त्याने पैसे मोजलेत, हीच माझ्यासाठी मोठी शिफारस. उजवीकडे सरकवायला काय जातं?

खरेदी मात्र मी लगेच करत नाही. विशलिस्टमध्ये टाकून ठेवते आणि बँडकॅम्प फ्रायडेची वाट बघते. एरवी डिजिटल विक्रीतला १५ टक्के वाटा कंपनी घेते, त्या दिवशी तो सोडते. २० मार्च २०२० ला हे पहिल्यांदा झालं. हल्ली दर महिन्याला असतोच असं नाही, म्हणून तारखा बघून ठेवा. थांबल्याने माझे पैसे वाचत नाहीत हे मला कळतं. पण थांबल्यावर विशलिस्टमधल्या निम्म्या गोष्टींचा मोह उतरलेला असतो, तिथे वाचतात.

तिसरं रेडिओ, आणि याबद्दल मी आधी फार वाईट बोलले आहे. दोन तासांचा कार्यक्रम ऐकायला वेळ कुणाला आहे, असं माझं मत होतं. आता भांडी घासताना रिन्सचे किंवा एनटीएस या इंटरनेट रेडिओचे जुने कार्यक्रम लावते. एनटीएस २०११ मध्ये लंडनच्या डाल्स्टनमध्ये सुरू झालं. त्यांच्या साठ्यात पुष्कळ कार्यक्रमांखाली ट्रॅकची यादी असते. यादीत मध्येच नाव नसलेला ट्रॅक आला की समजायचं, हा अजून आलेला नाही. तो कितव्या मिनिटाला वाजला ते मी वहीत लिहून ठेवते. मागच्या पावसाळ्यात लिहिलेला एक ट्रॅक या महिन्यात विकायला आला. सुरुवात ऐकताच ओळखला आणि भर बसमध्ये एकटीच हसले. त्या एका क्षणापुढे ॲपचे बावन्न शुक्रवार फिके.

वहीचं कारणही ॲपच आहे. नवव्या महिन्यात एक अपडेट आलं आणि माझी फॉलो केलेल्या लेबलांची यादी पुसली गेली. दोनशेच्या वर नावं होती. मदतकक्षाने सांगितलं की यादी परत आणता येत नाही, पण नव्याने बनवायला सोपी केली आहे. आठवतील तेवढी नावं कागदावर उतरवली, एकशे साठ भरली. उरलेली कोणती होती हे कधीच कळणार नाही, आणि रात्री मध्येच जाग आली की मी तोच विचार करते.

आता वर्गणीचं. कापल्याच्या दिवशीच परत मागितली. चार दिवसांनी उत्तर आलं: नियमानुसार रक्कम परत देता येत नाही, पण गैरसोयीबद्दल आपल्या खात्यात तीन महिने मोफत वाढवून दिले आहेत. मला बाहेर पडायचं होतं, यांनी मुक्काम वाढवला. कार्डाच्या बँकेकडे वाद दाखल केलाय, काय होतं ते इथेच खाली लिहीन.

तोवर पैसे भरलेच आहेत म्हणून या शुक्रवारीही कार्डं उघडली. गॅरेजमध्ये दहा, त्यातली आठ गिटारची. सातव्या कार्डावर अंगठा डावीकडे नेता नेता थांबले. तिघांचा बँड, आवाज फाटका, ड्रम मागून धावत येणारे. तुकडा संपल्यावर अख्खी ईपी (अल्बमपेक्षा छोटं रेकॉर्ड) शोधून ऐकली, हेडफोन लावून. विशलिस्टमध्ये टाकली आहे. मदतकक्षाला यातलं काही कळवणार नाही.