इंडिया मार्क-2 हापसा: वरचं काम पक्कं, खालचे पाईप नीट बघून घ्या

गेल्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर जुन्या बोअरला नवा हापसा बसवला. मोटार होती, पण लाईट रात्री दोनला यायची आणि आई पहाटेपर्यंत रिकामी घागर घेऊन बसायची. सव्वीस वर्षं मी गावोगावचे हापसे दुरुस्त केलेत, म्हणून आतलं-बाहेरचं दोन्ही सांगतो.

आधी वरचा भाग. दांडा भरीव लोखंडाचा आहे, तो जड वाटतो म्हणून नावं ठेवू नका. बोअरमध्ये खाली सोडलेल्या रॉडचं (लोखंडी गजाचं) आणि पाण्याचं वजन तोच तोलतो, म्हणून आमची दहा वर्षांची पोरगीही कळशी भरते. बेअरिंग सीलबंद आहेत. दांडा आणि रॉड जोडणाऱ्या साखळीला ग्रीस लावलं आणि नट आवळले की वरच्या भागाची काळजी मिटली. मात्र साखळी रॉडला वर ओढते, खाली ढकलत नाही. रॉड आपल्या वजनानं उतरतो. त्यामुळं सिलिंडर, म्हणजे खाली पाण्यात बसवलेली दट्ट्याची नळी, पन्नास-साठ फुटांच्या आतच असेल तर साखळी ढिली पडते आणि हापसा झटके देतो. आमचा शंभर फुटांवर आहे, मऊ चालतो.

या यंत्राबद्दल मला माया आहे, आणि त्याला कारण आहे. पूर्वीचे बिडाचे पंप एका घरापुरते बनवलेले. अख्खं गाव त्यावर तुटून पडलं की महिनाभरात मोडायचे. साठच्या दशकात आपल्या जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी पोलादाचा, एकाच खिळीवर हलणारा दांडा केला. तो जालना पंप. पुढं सोलापूर पंप आला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि सरकारनं त्यावरून मार्क-2 घडवला. तिथून तो आफ्रिकेत पोचला.

माझा पुतण्या बोअरच्या गाडीवर युगांडात आहे, लिरा शहराच्या बाजूला. त्यानं व्हिडिओ पाठवला: बाया पिवळ्या वीस लिटरच्या कॅनची रांग लावून उभ्या, आणि हापसा हुबेहूब आपला. तिथं त्याला यू-2 म्हणतात. दुसऱ्या व्हिडिओत तोच हापसा लाल पाणी ओकत होता. तिकडं बऱ्याच ठिकाणी भूजल आंबट आहे, ते जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप खातं. पाणी गंजकं लागलं की बाया पुन्हा ओढ्याकडं वळतात. 2009 च्या एका अंदाजात सहाराच्या दक्षिणेकडचे 36 टक्के हापसे बंद होते. सुटे भाग न मिळणं, मिस्त्री नसणं हीही कारणं आहेत, पण पाईपचं दुखणं मी स्वतः पाहिलंय.

कारण माझीही फसगत झाली. जवळच्या शहरातल्या एका दुकानानं पातळ पाईप दिले. आठव्या महिन्यात तिसऱ्या जोडाला भोक पडलं, पाणी परत बोअरमध्येच गळायला लागलं. शंभर फुटांची पाईपची माळ, रॉड आणि आतलं पाणी धरून दीडशे किलोच्या घरात जाते. ती उपसायला तिवई आणि पाच माणसं लागली, मजुरी वेगळी. वाशर बदलायचं असलं तरी मार्क-2 मध्ये हाच खटाटोप. म्हणून नवीन घेणाऱ्यांनी मार्क-3 विचारा: त्याचा पाईप रुंद असतो, सिलिंडरचा दट्ट्या पाईपमधूनच वर निघतो, दोन माणसांत काम होतं. महाग पडतो, तरी परवडतो. पाईप घेताना आयएसआय शिक्का बघा आणि काट्यावर वजन करा.

ओट्यात पैसे वाचवू नका. आम्ही सिमेंटचा गोल ओटा आणि दहा फुटांची नाली करून सांडपाणी केळीच्या आळ्यात सोडलंय. आधी तिथं चिखल व्हायचा, म्हशी बसायच्या, आणि ते घाण पाणी केसिंगच्या (बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाईपच्या) कडेनं परत आत मुरायचं. संडासाचा खड्डा पन्नास फूट लांब असावा असं सांगतात. आपल्या काळ्या पाषाणाला भेगा असतात, घाण त्यातून दूरवर जाते, म्हणून मी शंभर फूट सोडले.

एप्रिल-मेमध्ये पाणी सिलिंडरच्या खाली गेलं तर हा हापसा कोरडा पडतो, आणि सिलिंडर साधारण दीडशे फुटांपर्यंतच सोडतात. ज्यांचं बोअर दरवर्षी तळ गाठतं त्यांनी घेऊ नये.

पाचपैकी चार. एक गुण पाईपचा कापला. नवे जाड पाईप टाकून तीन महिने झाले, आई आता पहाटे झोपलेली असते.