लिनक्स मिंट: तिसऱ्या डिस्कवर सुरू झालं, त्याला आता सात महिने झाले

माझा लॅपटॉप २०१३चा. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि हल्ली नव्या लॅपटॉपला नसतो तो डीव्हीडी ड्राइव्ह. मी घरून प्रूफरीडिंग आणि मराठी टायपिंगची कामं करते, त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास हाच समोर असतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती यात नाही. दुरुस्तीच्या दुकानात विचारलं, तर "नवीनच घ्या" एवढंच उत्तर मिळालं. कीबोर्डची एक कळही सैल न झालेलं मशीन टाकून द्यायला मन धजेना. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली वापरून बघायचं ठरवलं, तिची २२.२ एक्सएफसीई ही आवृत्ती. ही आवृत्ती जुन्या मशीनवर हलकी चालते आणि तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पेनड्राइव्हमध्ये कामाच्या फाइली होत्या, कोऱ्या डीव्हीडी मात्र कपाटात पडून होत्या. म्हणून मिंटची फाइल डाउनलोड करून तिची डिस्कच करायची ठरली.

पहिली डिस्क घातली, लॅपटॉप रीस्टार्ट केला आणि नेहमीसारखं विंडोजच आलं. सुरू होताना एस्केप आणि मग एफ९ दाबून बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी, उघडला (काही मशीनना एफ१२ लागतं), त्यात डीव्हीडी ड्राइव्ह निवडला, तरी तेच. पुण्याला भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, डिस्क विंडोजमध्ये उघड आणि आत काय दिसतंय ते वाच." मी म्हटलं, "एकच फाइल आहे, शेवटी आयएसओ." "मग ती कधीच बूट होणार नाही. तू फाइल कॉपी केलीस, इमेज बर्न केली नाहीस."

डिस्क नीट लिहिली गेली असेल तर उघडल्यावर आयएसओ फाइल दिसतच नाही. बूट, कॅस्पर, ईएफआय अशी फोल्डर दिसतात. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कचा साचा. तो डिस्कवर उलगडून लिहावा लागतो, तरच मशीनला सुरुवात कुठून करायची ते सापडतं. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून "बर्न डिस्क इमेज" निवडलं की हे काम होतं.

दुसरी डिस्क तशीच केली. या वेळी मेनू आला, मिंटचं चिन्ह आलं आणि तिथेच सगळं थांबलं. दहा मिनिटं ड्राइव्हचा घुर्र-टक, घुर्र-टक असा आवाज. एस्केप दाबल्यावर चिन्हामागच्या ओळी दिसल्या: "बफर आय/ओ एरर" आणि त्याखाली पुन्हा पुन्हा "स्क्वॉशएफएस एरर". इथेच बरेच जण "लिनक्स आपल्या मशीनला चालत नाही" म्हणून सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. कारण त्या ओळी लिनक्सबद्दल काहीच सांगत नाहीत. डिस्क वाचता येत नाही, एवढंच त्या सांगतात. मिंटची जवळपास सगळी प्रणाली कॅस्पर फोल्डरमधल्या एकाच दाबून बसवलेल्या मोठ्या फाइलमध्ये असते. गाण्यांच्या सीडीवर ओरखडा पडला तर गाणं जरा अडखळतं. या फाइलचा एक तुकडा वाचता आला नाही, तर सुरू होणंच अडतं.

दोष डाउनलोडचा की डिस्कचा, हे आधी वेगळं करावं लागतं. मिंटच्या साइटवर प्रत्येक आयएसओचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे त्या फाइलचा जणू बोटाचा ठसा, दिलेला असतो. ६४ अक्षर-आकड्यांची ती ओळ विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयूटिल ही कमांड वापरून स्वतःच्या फाइलसाठी काढता येते. मी दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून प्रूफ वाचतात तशा वाचल्या. अक्षर न् अक्षर जुळलं. म्हणजे फाइल चांगली, डिस्क खराब. डिस्कचा तो गठ्ठा सहा-सात वर्षं जुना होता. एक नवी डिस्क आणली, ड्राइव्हची लेन्स कोरड्या कापसाने हलकेच पुसली आणि इमगबर्न या डिस्क लिहायच्या प्रोग्रॅममध्ये वेग ४एक्सवर आणून, पडताळणीच्या चौकोनात खूण करून लिहायला लावली. लिहायला नऊ-दहा मिनिटं लागली आणि पडताळणीला साधारण तेवढीच. ती वीस मिनिटं वाचवायला जाऊ नका.

तिसरी डिस्क चालली. बूट मेनूत तोच ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता (मशीन सुरू करायची जुनी पद्धत) आणि एकदा पुढे यूईएफआय (नवी पद्धत) लावून. विंडोज ज्या पद्धतीने बसवलेलं असेल तीच निवडायची. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये "बायोस मोड"समोर ती लिहिलेली असते. मिंट बसवण्याआधी थेट डिस्कवरूनच चालवून बघता येतं; तसा डेस्कटॉप यायला जवळपास पाच मिनिटं लागली. त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका, डीव्हीडी मुळातच संथ असते. वाय-फाय सापडेना, तेव्हा फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं (यूएसबी टेदरिंग) आणि ड्रायव्हर मॅनेजरने लागेल तो ड्रायव्हर सुचवला. डी ड्राइव्ह उघडला, पण त्यात काही लिहिता येईना. विंडोजचं फास्ट स्टार्टअप सुरू असेल तर शटडाउन केल्यावरही ते अर्धवट झोपलेलं राहतं, म्हणून असं होतं. ते बंद केल्यावर प्रश्न सुटला. मग ६० जीबी जागा काढून विंडोजच्या शेजारी मिंट बसवलं.

त्यानंतर पहिल्यांदा विंडोजमध्ये गेले तर घड्याळ साडेपाच तास मागे! लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये एक कमांड दिली आणि दोघांचं जमलं.

मराठी टायपिंगची मला सगळ्यांत जास्त धास्ती होती, पण तिथेच सगळ्यांत जास्त समाधान मिळालं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या कळा जिथल्या तिथे आहेत. शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो, त्यामुळे "दऱ्या", "वाऱ्यावर" हे शब्द पहिल्याच दिवशी बरोबर उमटले. युनिकोडआधीच्या फॉन्टमधल्या जुन्या फाइली लिबरऑफिसमध्ये आधी अगम्य अक्षरांत उघडल्या. तेच फॉन्ट होम फोल्डरमधल्या फॉन्टच्या जागी टाकल्यावर वाचता यायला लागल्या. प्रिंटरचं मात्र जमलेलं नाही. आमच्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर चालत नाही, छापायचं असलं की मी विंडोजमध्ये जाते. डिजिटल सहीच्या कामासाठीही विंडोज ठेवलं आहे.

जानेवारीत हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान अशी २४० जीबीची एसएसडी बसवली, विंडोज तिच्यावर घेतलं आणि मिंट पुन्हा टाकलं, या वेळी पेनड्राइव्हवरून. हा खर्च आधीच करायला हवा होता. आता चालू केल्यापासून कामाची फाइल उघडेपर्यंत अर्धा मिनिटही लागत नाही.

तिसरी डिस्क टाकून दिली नाही. मार्चमध्ये शेजारच्या काकूंचा जुना कॉम्प्युटर विंडोजच्या निळ्या पडद्यापुढे जाईना, आणि नातीच्या बारशाचे सगळे फोटो त्यातच. ती डिस्क घालून त्यांचं मशीन मिंटवर सुरू केलं. ड्राइव्ह फक्त वाचता येत होता, पण कॉपी करायला तेवढं पुरे होतं. फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरायला तासभर लागला. पहिला फोटो उघडला तेव्हा काकू खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसल्या आणि म्हणाल्या, "पुढचा दाखव."